लोखंडाच्या पोटातला ताण आणि ट्रॉम्बेचे न्यूट्रॉन

या खेपेला टपालात हातकणंगले तालुक्यातून तीन पत्रे आली आणि तिन्ही न्यूट्रॉनबद्दल. पत्रे लिहिणारे एकमेकांना ओळखत असावेत असा आमचा संशय आहे. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून आजची जागा या तिघांना दिली आहे.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. कास्टिंग साच्यातून निघते तेव्हा ठीक दिसते, मापातही बसते. पण मशीन शॉपमध्ये पहिला कट घेतला की काही जॉब वाकतात, एखादा तडकतो आणि बोलणी आम्ही खातो. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, न्यूट्रॉन सोडून लोखंडाच्या आतला ताण मोजता येतो. हे खरे का? आणि न्यूट्रॉन मिळतात कुठे?
– एक वाचक, हातकणंगले

उत्तर : मुलगा खरे सांगतो. आधी तुमच्या जॉबचे बघू.

ओतलेला रस साच्यात सगळीकडे एकाच वेळी थंड होत नाही. पातळ बरगडी आधी थिजते, जाड बॉस मागे राहतो. मागाहून निवणारा जाड भाग आक्रसू पाहतो, पण तोवर कडक झालेल्या बरगड्या त्याला आक्रसू देत नाहीत. जाड भाग ओढलेला राहतो, बरगड्या दाबलेल्या राहतात. ओढ आणि दाब एकमेकांना तोलून धरतात म्हणून बाहेरून काही कळत नाही. मशीनवर वरची कातडी निघाली की तो तोल जातो आणि उरलेला जॉब नव्या तोलाला बसेपर्यंत वाकतो. ग्रे आयर्न साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवून सावकाश निववतात, ते याचसाठी.

आत किती ताण उरला आहे हे कसे कळावे? ब्लो होल असते तर एक्स-रे किंवा अल्ट्रासोनिकने सापडले असते. ताण म्हणजे भोक नव्हे. ताण म्हणजे लोखंडाच्या अणूंच्या थरांमधले अंतर किंचित बदललेले असणे. लोखंडात मोजमापाला सोयीच्या एका थरांमधले अंतर १.१७ अँगस्ट्रॉम असते. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. ओढलेल्या जागी हे अंतर हजारात एखाद्या भागाने वाढलेले असते आणि तेवढेच मोजायचे असते. प्रयोगशाळेतला नेहमीचा एक्स-रे अंतर मोजण्यात पटाईत आहे, पण लोखंडात तो काही मायक्रॉनवर दम तोडतो. त्याला कातडी कळते, पोट कळत नाही.

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन त्याला जवळपास अडवतच नाहीत. त्याची गाठ पडते ती थेट अणुकेंद्राशी, आणि ते इतके लहान की बहुतेक न्यूट्रॉन काही न होता पुढे निघून जातात. त्यामुळे लोखंडात तो सेंटिमीटरांच्या हिशेबाने शिरतो. शिवाय नेहमीच्या तापमानाला आणलेला न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे २,२०० मीटर वेगाने जातो आणि त्या वेगाला त्याची तरंगलांबी १.८ अँगस्ट्रॉम भरते, म्हणजे अणूंमधल्या अंतराएवढीच. थरांवरून तो ठराविक कोनात विखुरतो. थर जरा लांबले की कोन जरा बदलतो.

प्रत्यक्षात करतात ते असे. येणाऱ्या झोतापुढे एक बारीक फट, विखुरून बाहेर पडणाऱ्या झोतापुढे दुसरी. दोन्हींच्या रेषा जिथे छेदतात तो दोन-तीन मिलिमीटरचा घन, तेवढ्याच जागेचे माप मिळते. मग झोत तसाच ठेवून टेबलावरचा जॉब मिलिमीटर-मिलिमीटर सरकवायचा आणि बॉसच्या मध्यापासून बरगडीपर्यंत बिंदू घेत जायचे. एकेका बिंदूला काही मिनिटांपासून तासभरही लागतो, धातूची जाडी असेल तसा. ब्रिटनमधल्या आयसिस केंद्रावर एन्जिन-एक्स नावाचे यंत्र आणि फ्रान्समध्ये ग्रनोब्लला साल्सा नावाचे यंत्र हेच काम करतात. विमानाच्या पंखांचे वेल्डिंग, रेल्वेचे रूळ, टर्बाइनची पाती तिथे तपासली जातात. यावरून अंदाज येईल की रोजच्या रिजेक्शनसाठी हा उपाय नाही. जॉबचा नवा नमुना बसवताना, किंवा कॉम्प्युटरवरच्या कास्टिंग सिम्युलेशनचा अंदाज खरा ठरतो का हे एकदा पडताळताना, त्याला तोड नाही. एरवी तुमची भट्टी आणि निववण्याची शिस्त हाच इलाज.

आता दुसरा भाग, न्यूट्रॉन मिळतात कुठे. दुकानात मिळत नाहीत आणि साठवताही येत नाहीत. अणूबाहेर मोकळा पडलेला न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आत मोडतो. हवे तेव्हा, हवे तिथेच तयार करावे लागतात. आपल्याकडे ते मुंबईत ट्रॉम्बेला होतात, आणि १९५६ पासून होतात.

त्या वर्षी ४ ऑगस्टला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ती पहिली. पाण्याच्या खोल टाकीत टांगलेला गाभा, एक मेगावॉट शक्ती, इंधन इंग्लंडचे, बाकी बांधणी इथली. नाव पंडित नेहरूंनी ठेवले. अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रमुख होमी भाभा यांनी त्याच सुमारास पी. के. अय्यंगार या पंचविशीतल्या भौतिकशास्त्रज्ञाला कॅनडात चॉक रिव्हरला पाठवले. तिथे बर्ट्रम ब्रॉकहाउस नावाचा माणूस न्यूट्रॉनचा कोनच नव्हे, तर विखुरताना त्याने किती ऊर्जा गमावली किंवा कमावली तेही मोजत होता. त्यातून स्फटिकातले अणू कसे थरथरतात ते कळते. दोघांनी मिळून जर्मेनियमवर केलेले काम १९५८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’त छापून आले. तेव्हाचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते, म्हणजे विषय अगदी चालता होता. ब्रॉकहाउस यांना नोबेल मिळाले १९९४ मध्ये, ते अमेरिकेच्या क्लिफर्ड शल यांच्याबरोबर विभागून. शल यांनी ओक रिजला अणू कुठे बसले आहेत ते न्यूट्रॉनने दाखवले होते, ब्रॉकहाउस यांनी ते काय करतात ते. मधली चाळीसेक वर्षे नोबेल समिती काय करत होती, हे तीच जाणे. शल यांचे ज्येष्ठ सहकारी अर्नेस्ट वोलन तोवर वारले होते.

अय्यंगार परत आले ते यंत्रे घेऊन नव्हे, यंत्रे कशी करायची ते शिकून. मला यातले महत्त्वाचे वाटते ते हेच. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने उभी राहिलेली ४० मेगावॉटची सायरस सुरू झाली आणि तिच्या भिंतीतून निघणाऱ्या झोतांवर ट्रॉम्बेच्या वर्कशॉपमध्ये केलेले स्पेक्ट्रोमीटर उभे राहिले. मॅग्नेशियम, बेरिलियम अशा धातूंमधली अणूंची कंपने त्यांवर मोजली गेली. एवढेच नाही, १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या योजनेत भारताने फिलिपिन्सला असा स्पेक्ट्रोमीटर दिला आणि तिथल्या लोकांना तो चालवायला शिकवले. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाने दुसऱ्या देशाला वैज्ञानिक यंत्र द्यावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

दुसरे नाव आर. चिदंबरम यांचे. स्फटिकात हायड्रोजन नेमका कुठे बसला आहे हे एक्स-रेला धड दिसत नाही, कारण त्याच्याकडे एकच इलेक्ट्रॉन. न्यूट्रॉनला तो ठळक दिसतो. चिदंबरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायरसच्या झोतावर अमिनो आम्लांचे स्फटिक ठेवून त्यांतले हायड्रोजन बंध मोजले. प्रथिने ज्या विटांची बनतात त्या म्हणजे ही अमिनो आम्ले. पुढे १८ मे १९७४ ला पोखरणला जो स्फोट झाला त्यामागच्या प्रमुख मंडळींत अय्यंगार आणि चिदंबरम हे दोघेही होते, आणि त्यातले प्लुटोनियम सायरसचे होते. कॅनडाने त्यावरून मदत थांबवली. लोकांच्या लक्षात दोघांची नावे राहिली ती बॉम्बमुळे. पेशाने दोघेही न्यूट्रॉन विखुरून पदार्थ वाचणारे होते, हे शाळेच्या पुस्तकात आलेले मी तरी पाहिले नाही.

सायरस २०१० च्या ३१ डिसेंबरला कायमची बंद झाली. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारात तसे ठरले होते. आज ट्रॉम्बेचा मुख्य स्रोत ध्रुव. १०० मेगावॉटची ही अणुभट्टी पूर्णपणे इथेच रचलेली आणि बांधलेली, तिच्या उभारणीत अनिल काकोडकरांचा मोठा वाटा. ८ ऑगस्ट १९८५ ला ती सुरू झाली, पण इंधनाच्या कांड्या थरथरू लागल्याने पूर्ण शक्तीला पोचायला १९८८ उजाडले.

ध्रुवमध्ये नैसर्गिक युरेनियम जळते आणि न्यूट्रॉनचा वेग जड पाणी उतरवते. युरेनियमचा अणू फुटतो तेव्हा न्यूट्रॉन सेकंदाला वीसेक हजार किलोमीटरने सुटतो, तो आपल्याला हवा सव्वादोन किलोमीटरवर. एका गोटीने तेवढ्याच वजनाची दुसरी गोटी टिपली की पहिली जागीच थांबते. भिंतीवर आपटली तर तशीच उसळून परत येते. न्यूट्रॉनचा वेगही त्याच्या जवळपास वजनाच्या, म्हणजे हायड्रोजनसारख्या हलक्या अणूंवर आपटूनच उतरतो. साधे पाणी हे काम जास्त झटपट करते, पण बरेच न्यूट्रॉन गिळूनही टाकते. जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ ड्यूटेरियम असतो, तो सहसा गिळत नाही. हे जड पाणी करणारा एक कारखाना आपल्या रायगडात थळला आहे.

जड पाणी आले आहे तर एक गंमत सांगतोच, कोल्हापूरकडच्या वाचकांना आवडेल. हायड्रोजन आणि ड्यूटेरियम न्यूट्रॉनला अगदी वेगळे दिसतात. दुधात स्निग्धांशाचे थेंब आणि केसिन प्रथिनाचे गोळे दोन्ही असतात. पाण्यात साधारण ४० टक्के जड पाणी असले की प्रथिन आणि भोवतालचे पाणी न्यूट्रॉनला सारखेच दिसू लागते, म्हणजे प्रथिन चक्क गायब होते आणि फक्त स्निग्धांश उरतो. प्रमाण बदलले की उलटे. दही लागताना आत काय घडते ते असे वेगवेगळे करून बघता येते. दुधात पाणी घालणारे आपल्याकडे कमी नाहीत, पण किलोमागे हजारो रुपयांचे पाणी घालणारे एवढेच.

प्रश्न : न्यूट्रॉन मारलेली वस्तू किरणोत्सारी होते असे ऐकले. मग आमच्या हुपरीच्या चांदीवर न्यूट्रॉन सोडले तर तिचे काय होईल? ती परत अंगावर घालता येईल का?
– चांदी कारागीर, हुपरी

उत्तर : नेमका कठीण धातू निवडलात. चांदी न्यूट्रॉन हावरटपणे गिळते. निसर्गात तिचे दोन प्रकार जवळपास निम्मे-निम्मे असतात, १०७ आणि १०९ वजनाचे. १०७ ने न्यूट्रॉन गिळला की १०८ होते आणि त्यातली निम्मी २.४ मिनिटांत मोडते. १०९ ची ११० होते, ती तर २४.६ सेकंदांतच निम्मी. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत चांदीची पट्टी न्यूट्रॉनसमोर ठेवून काउंटरची टिकटिक कमी होताना दाखवण्याचा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालतो तो यामुळेच. मोडून होते काय, तर बहुतेक कॅडमियम. डाक लावताना ज्याच्या धुराला जपायचे तेच. अर्थात किती, तर तुमच्या काट्यावर कधी कळणार नाही इतके.

अडचण दुसरीच आहे. ११० चा एक भाग सेकंदांत न मोडता रेंगाळतो, त्याचे अर्धायुष्य अडीचशे दिवस. म्हणून चांदीची वस्तू झोतातून काढली की आधी मोजतात आणि मर्यादेखाली आल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. अणुभट्टीच्या गाभ्यातला मारा आणि बाहेर आणलेला बारीक झोत यांत लाखो पटींचा फरक असतो, हे मात्र ध्यानात ठेवा. थोडा वेळ ठेवलेला पैंजण काही दिवसांत परत मिळू शकतो, विसरून रात्रभर ठेवलेला मिळायला वेळ लागेल. लोखंडाचे त्या मानाने सोपे. पहिल्या पत्रातल्या कास्टिंगमध्ये थोडे मँगनीज असते, तेच आधी चमकते. त्याचे अर्धायुष्य अडीच तासांच्या आसपास, म्हणजे एक-दोन दिवसांत शांत. कोबाल्ट मात्र वाईट. त्याचे कोबाल्ट-६० होते आणि ते निम्मे व्हायला सव्वापाच वर्षे घेते.

मौल्यवान जुन्या वस्तू तपासायला न्यूट्रॉन वापरतात, हेही सांगून ठेवतो. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधली भारतीय बनावटीची एक शमशेर इटालियन संशोधकांनी आयसिसमध्ये न्यूट्रॉनने आतून वाचली आणि तिचे पोलाद अव्वल दर्जाचे वुट्झ ठरले. हुपरीच्या जुन्या कारागिरीचे असे वाचन कुणी मनावर घेतले तर बघण्यासारखे निघेल.

प्रश्न : मी एम.एस्सी. फिजिक्सला आहे आणि फेराइटवर प्रोजेक्ट करतो. युरोपातल्या न्यूट्रॉनच्या अणुभट्ट्या एकामागून एक बंद होत आहेत असे वाचले. मग या विषयात पुढे काही आहे का? आणि आमच्यासारख्यांना ट्रॉम्बेला शिरकाव मिळतो का?
– विद्यार्थी, पेठ वडगाव

उत्तर : वाचलेत ते खरे. कॅनडाची एनआरयू, जिथे ब्रॉकहाउस यांची परंपरा शेवटपर्यंत चालली, ती मार्च २०१८ मध्ये थांबली. २०१९ मध्ये बर्लिनची बीईआर-दोन, पॅरिसजवळची ऑर्फे आणि नॉर्वेची जीप-दोन, तिन्ही गेल्या. ग्रनोब्लची अणुभट्टी १९७१ पासून चालते आणि संशोधनासाठी जगातला सर्वांत प्रखर अखंड झोत तिचाच. तीही पुढच्या दशकात फार काळ चालेल असे कुणी धरत नाही. या भट्ट्या म्हाताऱ्या झाल्या, जास्त समृद्ध युरेनियम वापरण्यावर निर्बंध आले, आणि नवी अणुभट्टी म्हटले की लोक रस्त्यावर येतात.

पण न्यूट्रॉन मिळवायला युरेनियम फोडावेच लागते असे नाही. प्रोटॉन प्रचंड वेगाने टंगस्टन किंवा पाऱ्यावर आदळवले की एकेका प्रोटॉनमागे पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त न्यूट्रॉन उडतात. साखळी प्रक्रिया नाही, बटण बंद केले की न्यूट्रॉन बंद. झोत अखंड नसतो, ठोक्या-ठोक्याने येतो, आणि फायदाही तोच. आयसिसमध्ये सेकंदाला पन्नास ठोके. एका ठोक्यातले वेगवान न्यूट्रॉन आधी पोचतात, मंद मागाहून. नुसत्या घड्याळावरून कोणाची तरंगलांबी किती ते कळते आणि एकही न्यूट्रॉन वाया घालवावा लागत नाही. आयसिस १९८४ पासून, अमेरिकेत ओक रिजला २००६ पासून, जपानमध्ये २००८ पासून, चीनमध्ये दोंगग्वानला २०१८ पासून असे स्रोत चालू आहेत. स्वीडनमध्ये लुंडला युरोपातले देश मिळून सगळ्यांत मोठा बांधत आहेत. तिथे टंगस्टनचे चाक फिरते ठेवून त्यावर सेकंदाला चौदा ठोके मारायचे आहेत.

भारताचे काय? अप्सरा २००९ मध्ये थांबवून नव्याने बांधली आणि १० सप्टेंबर २०१८ ला अप्सरा-यू म्हणून दोन मेगावॉटवर सुरू झाली, या खेपेला कमी समृद्ध इंधनावर. ती उपयोगी आहे, पण लहान आहे. ध्रुवने चाळिशी गाठली. तिचा न्यूट्रॉन प्रवाह ग्रनोब्लच्या सुमारे आठवा हिस्सा, त्यामुळे तिथे तासात होणारे मोजमाप इथे दिवसभर घेते. विशाखापट्टणमजवळ, ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राच्या नव्या परिसरात, जास्त प्रवाहाच्या संशोधन अणुभट्टीची योजना आहे, आणि इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात प्रोटॉनच्या प्रवेगकावर आधारलेल्या स्रोताची तयारी बरीच वर्षे चालली आहे. माझे स्पष्ट मत असे की यातला एक तरी कागदावरून जमिनीवर यायला आधीच उशीर झाला आहे. १९६० च्या दशकात आपण फिलिपिन्सला शिकवत होतो. आज चीनचा प्रवेगकावरचा स्रोत चालू आहे आणि आपला नाही. यंत्रे करणारे हात ट्रॉम्बेत आजही आहेत. न्यूट्रॉन टिपणाऱ्या डिटेक्टरांत भरतात त्या हिलियम-३ वायूचा जगात तुटवडा पडला तेव्हा सगळीकडच्या डिटेक्टरवाल्यांची धावपळ झाली, आणि बोरॉनवर चालणारे पर्याय शोधणे आता सर्वत्र चालू आहे. अशा कामात नव्या मुलांना भरपूर जागा आहे. झोतच नसेल तर मात्र हात काय करणार?

शिरकावाचे उत्तर सोपे, हो. भाभा केंद्राच्या परिसरात यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचे मुंबई केंद्र आहे. विद्यापीठांतल्या लोकांना अणुऊर्जा खात्याची मोठी यंत्रे वापरता यावीत म्हणूनच ते काढले. ध्रुववर कन्सॉर्शियमचे स्वतःचे पावडर डिफ्रॅक्टोमीटर आहे. तुमच्या मार्गदर्शकांच्या नावाने प्रस्ताव पाठवायचा, तपासणीत बसला की तारीख मिळते.

फेराइटसाठी तर हे साधन हातात घेतलेच पाहिजे. कोबाल्ट फेराइट घ्या. लोखंड २६ इलेक्ट्रॉनचे, कोबाल्ट २७ चे. कुठल्या जागेवर कोण बसला आहे हे एक्स-रेला ओळखणे अवघड. न्यूट्रॉनला लोखंड ९.४५ आणि कोबाल्ट २.४९ दिसतो, फेम्टोमीटरमध्ये, म्हणजे जवळपास चौपट फरक. शिवाय न्यूट्रॉन स्वतः छोटासा चुंबक आहे, त्यामुळे अणूंचे चुंबक कोणत्या दिशेला तोंड करून आहेत तेही त्याला कळते. लुई नेल यांनी १९४८ मध्ये फेराइटबद्दल मांडलेली कल्पना, की आतले चुंबक दोन गटांत उलटसुलट उभे असतात आणि वरचढ गटाचे चुंबकत्व तेवढे बाहेर दिसते, ती शल आणि वोलन यांच्या गटाने १९५१ मध्ये मॅग्नेटाइटवर न्यूट्रॉन सोडूनच पक्की केली.

प्रस्ताव लिहिण्याआधी एक्स-रे पॅटर्न आणि चुंबकत्वाची मोजमापे करून जोडा. ती नसतील तर तपासणारा पहिला प्रश्न तोच विचारेल. पावडर एक्स-रेसारखी चिमूटभर चालत नाही, काही ग्रॅम लागते, तेव्हा एकाच बॅचमध्ये पुरेशी करून ठेवा. दोन बॅच मिसळल्या की जागांचा हिशेब बिघडतो. नमुना व्हॅनेडियमच्या नळीत भरतात, कारण व्हॅनेडियमची स्वतःची शिखरे आलेखात जवळपास उमटत नाहीत. आणि फेराइटमध्ये दुर्मीळ मृदा धातू मिसळायची सध्या टूम आहे, त्यातल्या त्यात गॅडोलिनियमची. न्यूट्रॉन गिळण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. तुमच्या नमुन्यात ते असेल तर तसे प्रस्तावात आधीच लिहा, नाहीतर चार दिवसांचा झोत घालवून सपाट आलेख घेऊन यावे लागेल.